बीएमआय ४० चा हार्डकोड

पुण्यात फुकट मिळणाऱ्या गोष्टी फार थोड्या. त्यातली एक म्हणजे जाड माणसाला सल्ला. "रोज पर्वती चढ, भात सोड, आपोआप उतरेल!" नातेवाईकांचं एक वेळ सोडून देऊ. पण आयटी कंपन्यांच्या ग्रुप हेल्थ पॉलिसीत हाच सल्ला बारीक टायपात लिहिलेला असतो, त्याचं काय? एचआरला विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: "ओबेसिटी कव्हर होत नाही." विषय संपला.

आता गंमत बघा. गुडघे झिजले की बदलायला पैसे मिळतात. डायबेटिसने किडनी गेली तर डायलिसिस, हार्ट अटॅक आला तर बायपास. तेव्हा "वडापाव किती खाल्लेत?" असं कुणी विचारत नाही. पण हे सगळं टळावं म्हणून डॉक्टरांनी वजनाचं ऑपरेशन सुचवलं की एकदम चारित्र्याचा दाखला मागतात!

खरं तर नियम इतका सरसकट नाही. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ साली पॉलिसीतून काय वगळायचं याची भाषा ठरवून दिली. लठ्ठपणाचं कलम त्यात सहाव्या क्रमांकाच्या कोडचं आहे. ते म्हणतं, अटी पूर्ण होत नसतील तरच खर्च नाकारा. अटी अशा: डॉक्टरांचा सल्ला, वय किमान १८ आणि बीएमआय किमान ४०. किंवा किमान ३५ आणि सोबत हृदयविकार, गंभीर स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ डायबेटिस, तेही बाकीचे उपाय थकल्यावर. म्हणजे १६८ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं वजन साधारण ११३ किलो हवं, आजार असतील तर ९९.

हे ४० आणि ३५ आले कुठून? १९९१ साली अमेरिकेच्या एनआयएचने घातलेल्या मर्यादा आहेत त्या. आपण जुन्या कोडमध्ये एखादा हार्डकोड केलेला आकडा बघून शिव्या घालतो ना, तस्साच प्रकार.

आणि हा आकडा आपल्याला बसत नाही, हे दाखवणारे डॉक्टर पुण्याचेच! केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! आपल्याकडे कमी वजनातच डायबेटिस गाठतो तो यामुळेच. २०२२ साली सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी १९९१ च्या मर्यादा बदलल्या. सगळ्यांसाठी ३५, आजार नसले तरी. आशियाई लोकांना २७.५ पासूनच ऑपरेशनचा पर्याय द्यावा, असंही म्हटलं. आपली पॉलिसी अजून जुन्याच व्हर्जनवर.

ज्याला त्याला ऑपरेशन करा असं मी म्हणत नाहीये. पोटाचं ऑपरेशन आहे, खाण्यापिण्याची पथ्यं आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर सांभाळाव्या लागतात. पण तो निर्णय पेशंटने आणि डॉक्टरने घ्यावा, एक्सेल शीटने नाही.

मग करायचं काय? एचआरच्या तोंडी उत्तरावर थांबू नका. पूर्ण पॉलिसी मागून ते कलम वाचा. अटींत बसत असून क्लेम नाकारला तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल आहेत. त्यांचं ऑफिस पुण्यातही आहे, ग्रुप पॉलिसीची तक्रार चालते आणि फी शून्य.

आणि अटींत बसत नसाल तर? ग्रुप पॉलिसी दरवर्षी रिन्यू होते, तेव्हा कंपनी घासाघीस करून कलमं बदलून घेऊ शकते. आई-वडिलांचं कव्हर, मॅटर्निटी हे असंच मागून मागून आलंय. एकट्या जाड माणसाला हे मागायची लाज वाटते, आणि त्या लाजेवरच हे कलम टिकून आहे. तेव्हा पुढच्या रिन्यूअलच्या आधी एचआरला जाणाऱ्या मेलवर बारीक लोकांच्याही सह्या असू देत.

बघा, पटतंय का.