चोवीस तासांचे तिकीट

उमराहला जाता-येता वाटेत इस्तंबूलला दोन-तीन दिवस थांबावे, असा बेत हल्ली आपल्याकडच्या बऱ्याच घरांत होतो. कुणी विचारले की मी विमान, हॉटेल, थंडीचे कपडे या गोष्टी नंतर सांगते. आधी सांगते ते लाल बसबद्दल.

जगातल्या मोठ्या शहरांत पर्यटकांसाठी दुमजली, वरून उघड्या बसेस फिरतात. एकदा तिकीट काढायचे, ठरलेल्या थांब्यांवर हवे तिथे उतरायचे, पाहून झाले की मागून येणाऱ्या बसमध्ये चढायचे. ऐकायला किती सोयीचे! आम्हालाही तसेच वाटले. आमच्यासोबत माझ्या सासूबाई होत्या. घरात सगळे त्यांना अम्मीच म्हणतो. वय एकाहत्तर, गुडघे दुखरे. तरुणपणी मुंबईत बेस्टच्या दुमजली बसमध्ये वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या खिडकीशी बसायला त्यांना फार आवडायचे. म्हणून मीच हट्ट धरला की अम्मींना चालायला नको, आपण बसने फिरू. ते तिकीट माझ्या हट्टाचे होते, हे आधीच कबूल करते.

अम्मींनी आमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. हजरत अबू अय्युब अन्सारी (रजि.) यांच्या मजारीवर सलाम पेश करायचा आणि शेजारच्या मशिदीत एक नमाज पढायची. हिजरतनंतर मदिनेत प्रेषित मुहम्मद (स.) ज्यांच्या घरी उतरले, ते हेच सहाबी. पुढे उतारवयात ते कॉन्स्टँटिनोपलच्या मोहिमेत सामील झाले आणि तिथेच त्यांचा इंतकाल झाला. 1453 मध्ये शहर जिंकल्यावर सुलतान मेहमद फातिह यांच्या काळात तिथे मजार आणि मशीद उभी राहिली. त्या भागाला आजही एयुप सुलतान म्हणतात.

दिवाळीच्या सुट्टीतला मंगळवार होता. सकाळी दहाला आम्ही सुलतान अहमद मशिदीजवळच्या थांब्यावर उभे राहिलो. पत्रकावर 'दर अर्ध्या तासाने बस' असे छापले होते. बस आली पावणेअकराला. आमच्या यादीत पहिले नाव टोपकापी राजवाड्याचे होते. बसमध्ये बसल्यावर कळले की टोपकापी मंगळवारी बंद असतो. तिकीट विकणाऱ्याने हे सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

वरच्या मजल्यावर बोचरा वारा होता. अम्मी दहा मिनिटांत खाली येऊन बसल्या. खालच्या काचेतून त्यांना शेजारच्या गाड्या आणि दुकानांच्या पाट्या तेवढ्या दिसत होत्या. कानाला लावायच्या यंत्रात आमच्या बसमध्ये उर्दू किंवा हिंदी नव्हती. मुलगा इंग्रजी ऐकून आजीला सांगत होता. पण बस वाहतुकीत अडकली की आवाज पुढे पळायचा आणि इमारत मागे राहायची. "दादी, हा राजवाडा," असे तो म्हणायचा तेव्हा समोर पेट्रोल पंप असायचा.

जोहरची वेळ एकच्या सुमारास होती. आम्ही बॉस्फरसच्या काठावर, दोल्माबाहचे राजवाड्यापाशी उतरलो. राजवाड्याला लागूनच पाण्याकाठी एक सुंदर जुनी मशीद आहे. नमाज शांतपणे झाली, अल्हम्दुलिल्लाह. त्या दिवसात खरोखर पाहिलेली ती पहिली जागा. पण परत थांब्यावर आलो आणि उभे राहिलो ते उभेच राहिलो. पाऊण तासाने आलेली बस भरलेली होती. पुढची आली तेव्हा आम्ही तासाहून अधिक वेळ उभे होतो. थांब्यावर बसायला बाकही नव्हता. ज्यांच्या गुडघ्यांसाठी बस घेतली, त्याच फुटपाथच्या कडेला रुमाल अंथरून बसल्या होत्या.

मागे फक्त दोन थांबे जायचे असते, तरी ते शक्य नव्हते. बस एकाच दिशेने गोल फिरते, म्हणजे पूर्ण फेरी मारणे आलेच. पुलावर वाहतूक तुंबलेली. एयुप सुलतानच्या बाजूला जाणारी फेरी वेगळी होती, ती सुटायची जागाही वेगळी. आम्ही तिथे पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते आणि त्या दिवसाची शेवटची बस निघून गेली होती. "तिकीट चोवीस तासांचे आहे, उद्या सकाळी या," असे खिडकीतल्या माणसाने सांगितले. चोवीस तासांतले किती तास बस धावते, हे मात्र पत्रकावर बारीक अक्षरात होते.

मगरिब सहाच्या आतच होणार होती. घाईघाईने जवळच्या मशिदीत असर पढलो आणि हॉटेलवर परतलो. रात्री अम्मींच्या पायांना तेल लावताना मी म्हटले, "अम्मी, माझं चुकलं." त्या हसल्या. म्हणाल्या, "चूक कसली बेटा? शहर पाहिलं की. फक्त कुठे गेलो नाही."

मला ते वाक्य लागले. दिवसभर शहर आमच्या समोरून गेले होते, आम्ही त्यात पाऊल टाकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या तिकिटाचा मोह सोडला. हॉटेलमधल्या मुलाने सांगितल्याप्रमाणे इस्तंबूलकार्ट घेतले. हे पैसे भरून वापरायचे कार्ड. ट्राम, मेट्रो, बस, बोट सगळीकडे चालते आणि प्रत्येकासाठी एकदा असे टेकवून एकाच कार्डावर घरातल्यांना जाता येते. एमिनोनूपासून गोल्डन हॉर्न नावाच्या खाडीच्या काठाकाठाने टी-5 ही ट्राम थेट एयुप सुलतानपर्यंत जाते. ट्राममध्ये चढताच एका तरुण मुलीने उठून अम्मींना जागा दिली. खाडीचे पाणी, होड्या, मासे पकडणारी माणसे. अम्मींना आपले कोकण आठवले. पोचलो तेव्हा जोहरला अवकाश होता. अम्मींनी सलाम पेश केला, जमातीने नमाज पढली आणि मग अंगणातल्या जुन्या, भल्यामोठ्या झाडाजवळ बराच वेळ बसून राहिल्या. आम्हीही बसलो. कुठलीही बस पकडायची नव्हती. येताना बोटीने आलो. दोन दिवस ट्राम आणि बोटीने फिरलो, तरी आदल्या दिवशीच्या बसच्या तिकिटाच्या मानाने तो खर्च किरकोळच झाला.

या बसेस सगळ्याच वाईट असतात, असे माझे म्हणणे नाही. हातात तीन-चारच तास असतील, हवा चांगली असेल आणि कुठेही न उतरता एक फेरी मारायची असेल, तर शहराचा अंदाज येतो. पण 'हवे तिथे उतरा' या शब्दांवर पैसे देत असाल, तर आधी काही गोष्टी विचारा. शेवटची बस किती वाजता? दोन बसमध्ये खरे अंतर किती? बस उलट येते की गोलच फिरते? आपल्याला जायचे ते ठिकाण कुठल्या फेरीत आहे? भाषा कुठल्या? आणि प्रवेशाचे तिकीट वेगळे काढावे लागते का? बहुधा लागतेच.

इस्तंबूलपुरते सांगायचे तर टोपकापी मंगळवारी बंद, दोल्माबाहचे सोमवारी बंद, मोठा झाकलेला बाजार रविवारी बंद. आया सोफियात नमाजसाठी जाणाऱ्यांना तिकीट नाही. वरचा सज्जा पाहायचा असेल तर परदेशी पर्यटकांना 2024 पासून तिकीट आहे. सुलतान अहमद मशिदीत नमाजच्या वेळी पर्यटकांना थांबवतात, नमाजींना नाही. म्हणजे नमाजच्या वेळा धरून दिवस आखला तर आपली सोयच होते. सुलतान अहमद, एमिनोनू, बायझीद हे सगळे टी-1 ट्रामवर आहे.

आणि शेवटचे. निघण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारा, "तुम्हाला काय पाहायचंय?" जे सांगतील ते पहिल्या दिवशी, सकाळी, पाय ताजे असताना करा. बाकीचे शहर राहिले तर राहू द्या. आमचे निम्मे राहिले. अम्मींना त्याची खंत नाही. शेजारणींना त्या ट्राममधल्या त्या मुलीबद्दल आणि अंगणातल्या झाडाबद्दल सांगतात. बसचे नावही काढत नाहीत. तो त्यांचा मोठेपणा. म्हणून मीच इथे सांगितले.