मले नाव नाही काय?

दुपारच्या सुटीत डबे उघडले की आमच्या अकोल्याच्या कार्यालयात जगातल्या सगळ्या प्रश्नांचा निकाल लागतो. एप्रिल २०२३ मध्ये विषय होता 'गंगा भागीरथी'. तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा'ऐवजी हा शब्द वापरण्याबाबत प्रस्ताव तयार करायला खात्याला सांगितले होते. राज्यभर टीका झाली. शेवटी, निर्णय झालेला नाही, फक्त चर्चा आहे, असा खुलासा त्यांना करावा लागला.

अमरावतीहून रोज अप-डाऊन करणारी आमची एक मैत्रीण नवऱ्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर लागली आहे. एक साहेब तिला म्हणाले, "चला, आता तुम्हाला मानाचा शब्द मिळणार!" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. तिनं भाकरीचा तुकडा मोडत विचारलं, "काऊन, मले नाव नाही काय?"

सगळे गप्प.

आमच्या हजेरीपटावर सगळ्या बायांच्या नावाआधी 'श्रीमती'च असतं. कागदावर आम्ही सारख्या. पण पुढच्या संक्रांतीला कुंकवाचा करंडा घेऊन मीच टेबलोटेबली फिरले आणि तिच्याजवळ आल्यावर नुसता तिळगूळ देऊन पुढे गेले. 'विधवा' म्हणायचं नाही, 'बिचारी' म्हणायचं नाही, हे मला ठाऊक होतं. शब्द सांभाळला, हात मात्र आखडला. तिनं तिळगूळ घेतला आणि पुढची फाईल उघडली. त्या रात्री मला झोप आली नाही.

शब्दांना किंमत नाही असं मी म्हणणार नाही. 'पांढऱ्या कपाळाची' हे ऐकत जगलेल्या बाईला विचारा, शब्द किती लागतो ते. पण शब्द बदलला की आपलं काम संपलं, असं आपल्याला वाटतं, तिथं घोळ होतो. 'दिव्यांग' म्हणायला आपण शिकलो, पण त्यांना साहेबांपर्यंत जायला जिनाच चढावा लागत असेल तर त्या शब्दाचं त्यांनी काय करायचं? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये नवा शब्द शोधला नाही. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथाच बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनंही इतर गावांना तसं करायला सांगितलं.

त्याच्या पुढच्या संक्रांतीला मी आधी तिच्याच टेबलाशी गेले. "कुंकू लावू?" म्हणून विचारलं. ती हसली. "कुकू राहू दे वं, वाण दे. अन् इचारलं, हे बरं केलं."

मैत्रिणींनो, येत्या हळदीकुंकवाला तुमच्या ऑफिसातही कुणीतरी फाईलमध्ये डोकं घालून बसलेली असेल. तिला काय म्हणायचं, यावर खल करत बसू नका. तिच्या नावानं हाक मारा, आणि तिला काय हवं ते तिलाच विचारा.