फाळक्यांचा कालिया बदलू नका

1919च्या ‘कालिया मर्दन’मध्ये दादासाहेब फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण होऊन नागाशी झुंजते. तो नाग आज बनावट दिसतो, म्हणून संगणकावर नवा घडवावा हे मला मुळीच पटत नाही. त्या काळी हाताशी काय होते आणि त्यातून काय साधले, याचा पुरावा त्या चौकटींतच आहे. चरे, डाग जरूर पुसावेत; ती डागडुजी झाली, फेरफार नव्हे. नव्या प्रेक्षकांना जुने रुचत नाही, हा आक्षेप खरा धरला तरी वेगळी आवृत्ती काढता येते. मात्र मूळ चित्रपट तितकाच सहज मिळायला हवा. जॉर्ज लुकास यांनी 1997मध्ये ‘स्टार वॉर्स’ बदलला आणि 1977चे रूप दुर्मीळ झाले. ते निदान स्वतः दिग्दर्शक होते. फाळक्यांची संमती आता कोण देणार?