मास्क ज्याच्या त्याच्या तोंडाचा



आपल्या वाडवडिलांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या, ही हकीगत आपल्या घराघरांत सांगितली जाते. त्यामुळेच की काय, आमच्याकडे समुद्र म्हणजे लांबून बघायची गोष्ट. घोट्याच्या वर पाणी आले की आई काठावरून हाका मारायची. आणि आता न्यू जर्सीतली आमची बारा वर्षांची नात म्हणते, "आजी, मला समुद्राच्या खाली जायचंय. पाठीला टाकी लावून!"

अमेरिकेत स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना करता येतो. तालमूदाच्या किद्दुशीन या भागात बापाने मुलाला काय काय शिकवावे ते सांगितले आहे. पोहायलाही शिकवावे, असे काहींचे मत तिथे नोंदलेले आहे. टाकीविषयी तिथे काही नाही, पण नातीने हाच मुद्दा पुढे केला आणि आम्ही गप्प बसलो. एकच अट घातली, वर्ग शनिवारी नको. आधी विचारले तर बहुतेक ठिकाणी रविवारची सोय होते. विचारायला लाजू नका.

मग आम्ही कौतुकाने एक चूक केली. वाढदिवसाची भेट म्हणून जांभळ्या रंगाचा मास्क घरबसल्या मागवला. रंग सुरेख, डबा सुरेख. पहिल्या रविवारी तलावात मास्कमध्ये पाणी शिरले. तिने ते नाकाने फुंकून काढले, पुन्हा शिरले. तिसऱ्यांदा पोरगी घाबरली, श्वास धरला आणि ताडकन वर आली. शिक्षक शेजारीच होते, पाणी छातीएवढेच होते, म्हणून निभावले. पण त्यांचा चेहरा उतरलेला आम्ही काठावरून पाहिला. टाकीतली हवा घेऊन श्वास रोखून वर आले, तर ती हवा छातीत फुगते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते, उथळ तलावातसुद्धा. स्कूबात कधीही श्वास रोखायचा नाही, हा पहिला नियम. तो घाबरल्यावर विसरतो, आणि घाबरवले कोणी? आम्ही आणलेल्या मास्कने. मोठ्या माणसाच्या मापाचा होता तो.

पुढच्या आठवड्यात नातीला घेऊन डायव्हिंगच्या दुकानात गेलो. तिथल्या बाईंनी शिकवलेली परीक्षा लिहून ठेवा. मास्कचा पट्टा डोक्यामागे घालायचा नाही. केस मागे सारून मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलकासा श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचे. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. पडला किंवा कुठून हवा शिरली तर तो दुसऱ्या कोणाचा, मग रंग कितीही आवडो. नातीने अकरा मास्क लावून पाहिले. बसला तो काळा, साधा, लहान मापाचा. जांभळ्याकडे तिने एकदा वळून पाहिले, पण बोलली नाही. (मिशीवाल्या आजोबांनो, ओठावरच्या केसांतूनही पाणी शिरते.)

मुलांनो, पोहण्याचा गॉगल इथे चालत नाही, का ते सांगतो. दहा मीटर खाली पाण्याचा दाब वरच्या दुप्पट होतो. मास्कमधली हवा आकसते आणि मास्क तोंडावर दाबला जातो. नाक मास्कच्या आत असेल तर नाकाने थोडी हवा सोडून तो दाब काढता येतो. गॉगलमध्ये नाक बाहेर, म्हणून दाब थेट डोळ्यांवर! सबंध चेहरा झाकणारे स्नॉर्केलचे मास्क हल्ली समुद्रकिनाऱ्यावर दिसतात, तेही स्कूबासाठी नाहीत. त्यांत टाकीची नळी तोंडात धरता येत नाही आणि कान मोकळे करायला नाकही चिमटता येत नाही.

कानांवरून आठवले. आमच्या लहानपणी पाण्याला जाताना कानात तेलाचा बोळा घालत. आपण पडलो शनवार तेली, तेलाला तोटा नव्हता! पण डायव्हिंगला जाताना कानात बोळा नाही आणि रबराचे बूचही नाही. बूच घातले की कानाच्या त्या कोंडीतला दाब बरोबर करता येत नाही आणि पडद्याला इजा होते. आम्ही नातीच्या पिशवीत गुपचूप बुचे ठेवली होती. ती आम्हीच काढून घेतली.

चष्मा मास्कखाली घालता येत नाही, काड्यांमुळे फट राहते. नंबराच्या काचा बसवता येतील असे मास्क मिळतात. पाण्यात वस्तू जवळ आणि मोठ्या दिसत असल्यामुळे थोडा नंबर असेल तर अनेकांचे साध्या काचेवर भागते. नातीला मात्र काचा बसवून घ्याव्या लागल्या. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला एक थर असतो, त्यावर वाफ धरते. तो टूथपेस्टने चोळून काढावा लागतो. नातीने न्हाणीघरात बसून अर्धी ट्यूब संपवली.

पायातले फिन्स दोन तऱ्हेचे. एक चपलेसारखे अनवाणी पायात घालायचे, गरम पाण्यासाठी. दुसरे मागून उघडे, पट्ट्याचे. ते रबरी बुटांवर चढतात. आमच्या बाजूला समुद्राआधी एखाद्या जुन्या खाणीच्या तळ्यात उतरवतात, तिथे खडक आणि गारठा, म्हणून दुसरेच बरे. बूट घालूनच माप घ्यावे. बोटे आत दुमडली तर पाण्यात पोटरीत गोळा येतो. स्नॉर्केल साधा घेतला, त्यावर फार बोलण्यासारखे काही नाही.

एवढेच घ्यावे, असे आमचे मत. श्वासाचे रेग्युलेटर, हवेचे जाकीट, टाकी आणि रबरी सूट हे बहुधा कोर्सवालेच देतात. वाढत्या मुलीला सूट विकत घेणे म्हणजे डॉलर पाण्यात. भाड्याचा सूट मात्र अंगासरशी बसणारा मागावा. ढगळ असला तर आत ऊब धरलेले पाणी दर हालचालीला निघून जाते आणि पोर कुडकुडते. वास येतो, तो सोसावा.

एक वस्तू दुकानात मिळत नाही, ती म्हणजे तब्येतीचा कागद. त्यात दम्याचा प्रश्न आहे. नातीला पाचव्या वर्षापर्यंत दमा होता. घरात कोणी म्हणाले, "जुनी गोष्ट, नाही म्हणून टाका." आम्ही म्हणालो, नाही. हो लिहिले, डॉक्टरांकडे नेले, त्यांनी फुंकरीची चाचणी घेतली, मगच सही केली. यात तीन आठवडे गेले आणि नात तीन आठवडे आमच्याशी कमी बोलली. पहिला रविवार त्यानंतरचा.

नव्या मास्कसह ती परवा पुन्हा तलावात उतरली. शिक्षकांनी मुद्दाम मास्क पाण्याने भरायला सांगितला. तिने वर पाहिले, वरची कड दाबली, नाकाने फुंकले आणि खालूनच अंगठा व तर्जनी जुळवून खूण केली. आम्ही काठावरून अंगठा वर केला. शिक्षक हसून म्हणाले, पाण्यात त्याचा अर्थ 'वर या' असा होतो.