कौशल्याचा निधी पंचायतीच्या हाती का नाही?



कामगारांचे व्यावसायिक व तांत्रिक प्रशिक्षण हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्ये या दोघांनाही कायदे करता येणाऱ्या विषयांच्या यादीत असल्याने केंद्राने त्यात लक्ष घालू नये असे कोणी म्हणणार नाही. वाद आहे तो केंद्राने कोठे थांबावे याचा. ७३ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवण्याजोग्या २९ विषयांपैकी अठरावा विषय हाच असूनही २०१५ पासूनच्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत अभ्यासक्रमांची मानके उद्योगांच्या पुढाकाराने चालणाऱ्या क्षेत्र कौशल्य परिषदांनी ठरवली आणि ग्रामपंचायत लाभार्थ्यांना निरोप देण्यापुरती उरली.

योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात प्रशिक्षण संस्थेला ३० टक्के रक्कम तुकडी सुरू होताना, ५० टक्के प्रमाणपत्रानंतर आणि उरलेली २० टक्के नोकरी लागल्यावर मिळे. नोकरीआधीच ८० टक्के पदरात पडत असतील, तर संस्था झटपट उरकणारे अभ्यासक्रमच निवडणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ कशाला हवा? विहिरीवरची जळालेली मोटार खोलून, जुन्या तारेचे वेढे मोजून, त्याच जाडीची तार पुन्हा भरण्याचे काम, ज्याला गावात रिवाइंडिंग म्हणतात, ते मात्र मेकॅनिकच्या हाताखाली एखादा उन्हाळा काढल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. पूर्वशिक्षणास मान्यता या तरतुदीने, म्हणजे आधीच अवगत असलेले कसब तपासून दाखला देण्याच्या सोयीने, अशा मेकॅनिकला कागद मिळू शकतो. पण त्याच्या दुकानालाच केंद्र मानून शिकवण्याचा मोबदला त्याला देणे अधिक उपयोगाचे ठरेल.

केंद्राचा पैसा आणि स्थानिकांची आखणी एकत्र नांदू शकतात. १९६७ साली मुंबईत सुरू झालेल्या श्रमिक विद्यापीठाच्या परंपरेतील आजची जन शिक्षण संस्थाने केंद्राच्या अनुदानावर, पण स्वयंसेवी संस्थांमार्फत चालतात आणि शाळा सुटलेल्यांनाही दारात उभे करतात.

निधी गावाकडे गेला तर सरपंचाच्या भावकीचीच नावे यादीत चढतील, हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच परीक्षा, लेखापरीक्षण आणि वर्षभरानंतर उमेदवाराच्या मिळकतीची पडताळणी केंद्राकडेच असावी. कोणते काम, कोणाला आणि कोणत्या हंगामात शिकवायचे हे मात्र ग्रामसभेने ठरवावे, आणि त्यासाठीच्या निधीचा निश्चित हिस्सा थेट पंचायतीच्या खात्यात जमा व्हावा.