ब्रेसेसचा रंग ठरला, मापाचं काय?

ब्रेसेस लावायच्या म्हटलं की आपले प्रश्न ठरलेले. दुखेल का, किती महिने लागतील आणि रबराचा रंग कुठला? दातावर चिकटणाऱ्या त्या इवल्याशा धातूच्या ब्रॅकेटचं माप खरं आहे का, हे मात्र कुणीच विचारत नाही. खरं तर तेच आधी विचारायला हवं.

ब्रॅकेटच्या मधोमध एक खाच असते, तिला स्लॉट म्हणतात. त्यात बसलेली तार दाताला वळवते. स्लॉटची प्रचलित मापं दोन : ०.०१८ आणि ०.०२२ इंच. त्यातला मोठासुद्धा जेमतेम ०.५६ मिलिमीटर! त्यात ०.०१९ इंचाची चौकोनी तार बसवली, तर ती साधारण १० अंश फिरेपर्यंत दाताला पत्ताच लागत नाही. स्लॉट मुळातच मोठा असेल, तर ही ढिलाई आणखी वाढते. आता गंमत बघा. वरच्या मधल्या दाताचा कल रॉथ पद्धतीत १२ अंश, एमबीटीत १७. फरक ५ अंशांचा आणि ढिलाई त्याच्या दुप्पट!

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात ११ प्रकारच्या ब्रॅकेटचे स्लॉट मोजले गेले. ते छापील मापापेक्षा मोठे निघाले, काही तर दहा टक्क्यांहून जास्त. कारण बनवण्यातच आहे. अनेक ब्रॅकेट धातूची पावडर साच्यात भरून, मग भट्टीत तापवून बनतात. तापताना ते १५ ते २० टक्के आकसतात. हे गणित जरा चुकलं की स्लॉट चुकला.

‘थोडी ढिलाई लागतेच, नाहीतर तार सरकणार कशी?’ हे डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे. तार वाकवून ते उणीव भरूनही काढतात. पण किती भरायची, हे कळायला खरं माप तर हवं! ते नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. लांबलेल्या ट्रीटमेंटचे महिने मात्र आपल्या खात्यात.

ब्रॅकेटसाठी आयएसओ २७०२० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. मग पाकिटावर नुसतं ‘०.०२२’ नको. प्रत्यक्ष मोजलेलं माप आणि त्यात किती कमी-जास्त होऊ शकतं, तेही छापा. डेंटल कॉलेजांनीही बाजारातले ब्रॅकेट मोजून निकाल सगळ्यांसमोर ठेवावेत. मेकॅनिकलची पोरं टॉलरन्सशिवाय ड्रॉइंग सबमिट करत नाहीत. शाफ्टला लागू असलेला नियम दाताला का नको?

पुढच्या अपॉइंटमेंटला रंग बिनधास्त निवडा. सोबत एवढंही विचारा : ‘डॉक्टर, ब्रॅकेट कुठल्या कंपनीचे आणि स्लॉट नक्की कितीचा?’