सोडून दिला म्हणून सुटला का?



वाचक माउली, तुमच्यापैकी पुष्कळांची मुले-नातवंडे आज परदेशी आहेत. तिकडून त्यांचे प्रश्न येतात आणि आपण जमेल तशी उत्तरे देतो. माझ्या पुतण्याचा असाच एक प्रश्न मी आज तुमच्यापुढे ठेवतो आहे. कारण त्याला आपल्यातल्याच एका बुवांनी जे उत्तर दिले ते मला मुळीच मान्य नाही, आणि ते ऐकून माना डोलावणारे आपल्यात थोडे नाहीत.

पुतण्या अमेरिकेत टेक्सास राज्यात, डॅलसजवळ राहतो. घरात तीन पिढ्यांची वारी. त्याच्याही गळ्यात माळ आहे, आणि तिकडे राहूनही त्याने मांस-मासा तोंडाला लावलेला नाही, हे मी अभिमानाने सांगेन. पण पाच-सहा वर्षांपासून त्याला गळाने मासे धरण्याचा छंद जडला. मासाही एकच, ज्याला तिकडे बास म्हणतात तो. धरायचा, तोलायचा, त्याच्यासह फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. त्याने फोनवर बुवांना विचारले, "महाराज, मी खात नाही, मारत नाही, सोडून देतो. माळेला काही बाध येतो का?" बुवा म्हणाले, "खात नाहीस ना? मग काही हरकत नाही."

झाले! म्हणजे अहिंसा कसली, तर ताटात काय वाढायचे नाही त्याची यादी. माउली, माळ स्वयंपाकघरापुरती असते असे तुम्हाला कोणी सांगितले?

ऐकीव गोष्टीवर टीका करू नये म्हणून सांगतो, मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. गेल्या वर्षी फाल्गुनात मी त्याच्याकडे होतो. एका पहाटे तो म्हणाला, "काका, चला, नुसते बसा नावेत. पाणी बघा." डॅलसपासून दीड तासावर लेक फोर्क नावाचा मोठा तलाव आहे. धरण बांधून झालेला. पाण्याखाली गेलेल्या रानाचे वाळके बुंधे अजून वर डोके काढून उभे आहेत. मोठ्या बाससाठी तो साऱ्या अमेरिकेत प्रसिद्ध. त्या दिवशी एकादशी होती. नावेत एका डब्यात वहिनींनी दिलेली साबुदाण्याची खिचडी आणि शेजारच्या डब्यात प्लास्टिकची गांडुळे. मला हसू आले, पण मी बोललो नाही.

धक्क्यावर दहा-बारा मंडळी जमली होती, आणि खरे सांगतो, त्यांचे बोलणे ऐकून मी प्रथम भारावलो. पाणी साठ-पासष्ट अंश फॅरनहाइटवर आले की बास उथळाला येतो. पाणी गढूळ असेल तर काळे-निळे आमिष, निवळ असेल तर हिरवट. गळाचे टोक प्लास्टिकच्या गांडुळाच्या अंगात लपवून ठेवायचे, म्हणजे ते पाणगवतात अडकत नाही. पहाटे तरंगते आमिष, ऊन चढले की खोलातले. कोणता काठ वाऱ्याच्या तोंडावर आहे, कुठे बुंध्यांची रांग संपते, सगळे तोंडपाठ. अनोळखी माणसालाही हे मोकळेपणाने सांगतात. (आपली खास जागा तेवढी सांगत नाहीत. ती विचारली की सगळे आभाळाकडे बघू लागतात.) पाण्याकडे इतके लक्ष देऊन बघणारी माणसे आपल्याकडे चंद्रभागेच्या वाळवंटातसुद्धा मला क्वचित दिसली आहेत. तेव्हा ही माणसे दुष्ट आहेत असे मी म्हणत नाही. पुढचे ऐका.

उन्हे वर आल्यावर पुतण्याने नाव एका उथळ खाडीत नेली. पाण्यावरची चकाकी मारणारा चश्मा त्याने मला दिला. तळाशी ताटाएवढी फिकट, झाडून-पुसून ठेवल्यासारखी गोल जागा दिसली आणि तिच्यावर एक मासा जागच्या जागी हलत होता. पुतण्या कुजबुजला, "काका, हे घरटे. हा नर आहे. मादी अंडी घालून निघून जाते. राखण बाप करतो." बासचा नर शेपटीने तळ साफ करून घरटे करतो, अंड्यांवर पाण्याचा वारा घालतो, आणि पिल्ले निघाल्यावरही काही दिवस त्यांच्या थव्याभोवती फिरत राहतो. या सगळ्या काळात तो जवळजवळ खात नाही. म्हणजे त्याचीही एकादशीच म्हणा.

मग पुतण्याने डब्यातून प्लास्टिकची पाल काढली, गळाला अडकवली आणि नेमकी त्या घरट्यात सोडली. नर तिच्यावर धावून गेला, मागे हटला. तिसऱ्या की चौथ्या वेळी त्याने ती तोंडात उचलली. खायला नाही, बाहेर नेऊन टाकायला! पुतण्यानेच मला समजावले, "हा भुकेला नाही, काका. हा पाल हाकलतोय." आणि हे बोलता बोलता त्याने काठीला हिसका दिला.

मासा नावेत आला. पुतण्याने आधी हात ओला केला, म्हणजे माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघू नये. जबडा धरला, पोटाखाली दुसरा हात दिला, गळ हळूच सोडवला, तोलला, फोटो काढला, पाण्यात ठेवला. सगळे मिळून तीन मिनिटे. मासा क्षणभर तसाच राहिला, मग निघून गेला. "बघा, गेला ना घरी!" पुतण्या आनंदाने म्हणाला. मी त्या तीन मिनिटांत घराकडे बघत होतो. तिथे ब्लूगिल नावाचे तळहाताएवढे पाच-सहा मासे शिरले होते आणि तळाला टोचे मारत होते.

वाचकहो, आता बुवांना विचारा, कोण मेले नाही?

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे जे विवेचन आहे ते आपण पारायणात दरवर्षी वाचतो. माउली तिथे आधी खऱ्या अहिंसेकडे वळतच नाहीत. हिंसा करून वर अहिंसेचा देखावा मांडणाऱ्या मतांचा त्या आधी समाचार घेतात. झाडाच्या फांद्या तोडून त्याच झाडाला कुंपण घालावे, देऊळ मोडून देवाला आवार बांधावे, व्यवहारात लोकांना नागवून मग अन्नछत्र उघडावे, असे एकापाठोपाठ एक दृष्टांत येतात. लेक फोर्कच्या नावेत बसून मला ते सगळे आठवले. हात ओला करा; गळ घशात गेला तर ओढू नका, तंगूस कापा; खोल पाण्यातून काढलेल्या माशाची हवेची पिशवी फुगली तर सुई टोचून हवा काढा. ही काळजी खोटी नाही. पण ज्या जखमेवर हे औषध चालले आहे ती कोणी केली?

याच प्रकरणात पुढे बगळा आहे. पाण्यातली लहरही न मोडता पाऊल टाकणारा, नजर मात्र आमिषावर ठेवलेला. दृष्टांत पावलाच्या हळुवारपणाचा आहे, हे मला कळते. तरी तलावावर काठी धरून उभा असलेला माझा पुतण्या बघताना दुसरी बाजूच डोळ्यांपुढे येत राहिली.

हा सोडून देण्याचा रिवाज तिकडेही फार जुना नाही. १९३२ च्या जूनमध्ये जॉर्जियात जॉर्ज पेरी नावाच्या तरुण शेतकऱ्याने २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे दहा किलोंचा बास धरला. तो विक्रम अजून कोणी स्पष्टपणे मोडलेला नाही. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात त्याच्या तोडीचा एक मिळाला एवढेच. पेरीचे दिवस मंदीचे. त्याने वजनाची नोंद केली आणि मासा घरी नेला. घरच्यांनी तो खाल्ला. पुढे अलाबामातल्या रे स्कॉट नावाच्या विमा विकणाऱ्या गृहस्थांनी १९६७ मध्ये बास धरण्याची मोठी स्पर्धा भरवली, पुढच्या वर्षी संघटना काढली, आणि १९७२ पासून स्पर्धेतले मासे जिवंत सोडण्याचा आग्रह धरला. त्यामुळे असंख्य मासे वाचले, हे मान्य. पण खेळ चालू राहावा म्हणून सोंगट्या पुन्हा पटावर मांडणे याला आपण दया म्हणणार का? मला पेरी अधिक सरळ वाटतो. आमच्या भीमेकाठचा कोळीही सरळच. त्याने जाळे टाकले ते चुलीसाठी, आणि त्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. भूक नसताना, खायचे नसताना, एखाद्या बापाच्या राखणदारीलाच आमिष करून त्याला ओढून काढणे, याला कोणती गरज म्हणायची?

कोणी म्हणेल, माशाला दुखते कुठे? स्कॉटलंडात लिन स्नेडन या विदुषींनी २००३ मध्ये ट्राउट माशाच्या तोंडाभोवती वेदना टिपणाऱ्या नसा असल्याचे दाखवले. ओठात झोंबणारे द्रव्य टोचल्यावर ते मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले. माशाच्या मेंदूला वेदनेची जाणीव होऊच शकत नाही, असे म्हणणारे शास्त्रज्ञही आहेत. त्यांचा वाद चालू द्या. ज्याला खात्री नाही त्याने गळ टाकू नये, की खात्री होईपर्यंत टाकत राहावे?

त्याहून मोठी गोष्ट इलिनॉय राज्यातली आहे. तिथे रिज लेक नावाच्या तळ्यावर संशोधकांनी वीस वर्षांहून अधिक काळ बासचे दोन वंश वाढवले, एक चटकन गळाला लागणाऱ्यांचा, दुसरा न लागणाऱ्यांचा. गळाला लागण्याचा स्वभाव वंशात उतरतो असे दिसले. आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात आढळले की चटकन गळाला लागणाऱ्या वंशातले नरच घरट्याची राखण अधिक कसोशीने करतात. म्हणजे जो बाप जास्त झटतो तोच आधी ओढला जातो. हे वाचून मी कागद खाली ठेवला आणि थोडा वेळ काही वाचले नाही.

दक्षिणेकडच्या मोठ्या तलावांत घरट्यावर गळ टाकूनही माशांची एकूण संख्या घटत नाही, असे तिथले बरेच जाणकार सांगतात. असेल. संख्येचा हिशेब सरकारने करावा, आणि तो ते करतेही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात बहुतेक ठिकाणी राखणीच्या दिवसांत बासचा हंगामच बंद असतो. स्वित्झर्लंडात तर केवळ सोडून देण्यासाठी मासा धरायलाच कायद्याने मनाई आहे. उलट बिवा सरोवरावर धरलेला बास परत सोडणे मना आहे, कारण तो तिथे परका, मूळच्या माशांना खाणारा. तेव्हा 'सोडला' या शब्दात आपोआप काही पुण्य भरलेले नाही.

पुतण्याचे एक म्हणणे मात्र मला निरुत्तर करून गेले. तो म्हणाला, "काका, १९५० पासून इथे काठी, रीळ, गळ यांच्यावर कर आहे. तो पैसा मासे आणि पाणी राखण्यावर खर्च होतो. आमच्या छंदामुळे हा तलाव असा आहे. तुमच्या इंद्रायणीवर कोणी गळ टाकत नाही. तिथले काय?"

काय सांगणार? देहूच्या डोहातले मासे आपण पवित्र मानतो, त्यांना कोणी धरू देत नाही, कणकेच्या गोळ्या घालतो. आणि आळंदीच्या घाटावर पाण्यावर पांढरा फेस तरंगतो, त्यातच आपण तीर्थ म्हणून हात बुडवतो. गळ न टाकता मासा मारायची ही आपली रीत. नदीत सांडपाणी सोडणारे कोण ते बाहेरचे, असे म्हणून आपण सुटतो. पण वारीहून परतताना निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी पुलावरून भिरकावणारे हात मी ओळखीचे पाहिले आहेत. पुतण्याचा टोला बरोबर बसला. मात्र आपले पाप दाखवून त्याचे झाकत नाही, हे मी त्याला तिथल्या तिथे सांगितले. तो गप्प बसला. मीही बसलो. खिचडी तशीच राहिली.

परत आल्यावर मी त्याला पत्र लिहिले. उत्तरात त्याने कळवले की फाल्गुन-चैत्रात घरट्यावर गळ टाकणे त्याने सोडले आहे आणि गळाचा उलटा आकडाही तो आता घासून टाकतो. पण मे उजाडला की जातो. ते पाणी, ती पहाट त्याला सोडवत नाही. मी लिहिले, पहाट सोडायला कोणी सांगितले, काठी घरी ठेवून जा. त्याला अजून उत्तर आलेले नाही.

बुवांना या लेखाची प्रत मी स्वतः पाठवत आहे. त्यांचे काही म्हणणे असेल तर संपादकांनी तेही इथेच छापावे.